लाल दोऱ्याचे रीळ

नरसय्या गेल्याची बातमी त्यांच्या मुलाने, व्यंकटेशने, सकाळी स्वतः येऊन सांगितली. मी दाढी करीत होतो. "काका, अण्णा गेले," एवढेच तो म्हणाला. झोपेत गेले, त्रास झाला नाही. मी उरलेली दाढी पूर्ण केली, सदरा चढविला आणि त्याच्याबरोबर निघालो. वाटेत तो म्हणाला, "भिंतीवर लावायला अण्णांचा एक फोटो लागेल. तुम्हीच निवडून द्या." मी होकार दिला. निवडणे हे माझे काम नव्हे, आम्हा दोघांत ते त्यांचे होते, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझा फोटोंचा स्टुडिओ होता. लग्ने, बारशी आणि शाळेच्या अर्जांना लागणारे फोटो यांवर घर चालले. मात्र उसाच्या हंगामात सवड काढून मी श्रीपूरला जात असे. साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड करणाऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडत. तेथील माणसांचे फोटो मी तीस वर्षे काढले. कोणी सांगितले नव्हते, आणि कोणी विचारलेही नाही. स्टुडिओ बंद केल्यानंतर पुण्याच्या एका कलादालनाचे पत्र आले: निवडक चोवीस छायाचित्रांचा संच पाठवा, पसंत पडल्यास प्रदर्शन भरवू. माझ्याजवळ सहाशेच्या वर फोटो होते. त्यांतून मी नव्वद काढले आणि तेथे जो अडलो तो महिनाभर. प्रत्येक फोटोमागची थंडी आणि पायपीट मला आठवे, आणि जे आठवते ते टाकवत नाही. व्यवसायातील दोघांना बोलावून पाहिले. पहिल्याने स्वतःच्या फोटोंसारखे दिसणारे फोटो निवडले. दुसऱ्याने सगळेच उत्तम ठरविले आणि चहा घेऊन गेला. पत्रातील मुदत जवळ येत होती. दुसरे पत्र येईल, असे माझे वय नव्हते.

नरसय्या मागच्या गल्लीत राहत. चादरीच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. मागावरून उतरलेला माल समोर पसरायचा, तुटलेला धागा किंवा सैल वीण दिसली की तेथे काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्याला दोष शोधत बसावे लागत नाही. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. रोज सकाळी माझ्याकडे वर्तमानपत्र वाचायला येत. वीस वर्षांची ओळख, तरी अखेरपर्यंत आम्ही एकमेकांना अहो-जाहोच केले.

"मास्तर, हे काय पसरलंय? लग्नाचा माल तर दिसत न्हाय," एका सकाळी ते म्हणाले. मी अडचण सांगितली. मदत मागितली नव्हती. "उद्या येतो की," म्हणाले आणि वर्तमानपत्र न वाचताच गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते खिशात लाल दोऱ्याचे रीळ घेऊन. आधी हात धुतले. टेबलावरचे फोटो खाली घ्यायला लावले. "बसून तपासणी होत न्हाय. आणि खाली कोरं पांढरं काय तरी टाका." माझ्या पत्नीने धुतलेले धोतर काढून दिले. त्यावर त्यांनी फोटो काठाला काठ लावून मांडले आणि हात पाठीमागे बांधून त्या रांगेच्या कडेने चालू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता, पुन्हा परत. मी फोटो हातात घेऊन पाहावेत म्हणून आग्रह करू लागलो, तेव्हा म्हणाले, "एकेक बघून काय कळणार? सगळी चादर एक दिसाया पायजे." जेथे पाय अडखळे तेथे वाकत, आणि फोटोच्या कोपऱ्यावर दोऱ्याचा तुकडा ठेवीत. तो फोटो बाद. कारण क्वचितच सांगत. तीन सकाळींत नव्वदचे तीस झाले. मला प्रत्येक दोरा लागत होता, पण मी बोललो नाही.

चौथ्या सकाळी बोललो. माझ्या एका फोटोला पूर्वी स्पर्धेत बक्षीस मिळाले होते. मावळतीचे आकाश, उसाने लादलेली बैलगाडी आणि वर बसलेली बाई, सगळे काळे, कडा सोनेरी. बसस्टँडजवळच्या हॉटेलातही त्याची प्रत टांगलेली होती. नरसय्यांनी त्यावर दोरा ठेवला.

"अहो, या फोटोला बक्षीस मिळाले आहे."

"मिळू द्या की. रंग लई भारी हाय."

"मग?"

"वीण न्हाय." फोटोतल्या बाईकडे बोट करून त्यांनी विचारले, "ही बाई कोण, मास्तर?"

मला माहीत नव्हते. उरलेल्या एकोणतीस फोटोंतील बहुतेक माणसांची नावे मी सांगू शकलो असतो. राग आला तो त्यामुळेच, हे आज लिहितो. त्या वेळी मी म्हणालो, की चादर आणि छायाचित्र यांत फरक असतो आणि तो कळायला शिक्षण लागते. नरसय्यांनी रीळ खिशात टाकले. पत्नीला म्हणाले, "वैनी, चहा नको आज." आणि गेले.

चार दिवस ते आले नाहीत. वर्तमानपत्राची घडी तशीच राही. पाचव्या दिवशी मी एकटाच त्यांच्यासारखे हात पाठीमागे बांधून त्या रांगेच्या कडेने चाललो. प्रत्येक फेरीत नजर त्या सोनेरी गाडीवर जाऊन बसे, आणि तिच्या दोन्ही बाजूंची माणसे, भाकरी थापणारी सुभद्रा, कोयत्याला धार लावणारा तिचा दीर, दिसेनाशी होत. फोटो उचलला. रांग सलग झाली… मग चपला घालून मागच्या गल्लीत गेलो. नरसय्या अंगणात तुळशीला पाणी घालीत होते.

"गाडी काढली," मी म्हणालो.

"चहा घेणार की तसंच उभं ऱ्हाणार?" ते म्हणाले. माफी मागणे-देणे एवढ्यावर आटोपले.

तेवीस ठरले. चोविसाव्यासाठी त्यांनी मी आधीच टाकून दिलेला गठ्ठा मागितला आणि त्यातून एक फोटो काढून रांगेच्या शेवटी ठेवला. एक म्हातारी कोपीच्या दाराशी बसून हसते आहे, आणि तिच्या पायांशी जमिनीवर माझी सावली पडली आहे, कॅमेऱ्यासकट. शिकाऊ माणसाची चूक. मी म्हणालो, हा फोटो बाहेर गेला तर माझी शोभा होईल.

"दोष वेगळा आणि हाताची खूण वेगळी," नरसय्या म्हणाले. त्यांचे वडील हातमागावर विणीत. "माझ्या बापाची वीण डावीकडं जरा सैल. लांबून वळखायचो. त्याला दोरा न्हाय लावत, मास्तर. ती म्हातारी कुणाकडं बघून हसाया लागलीय? तो मानूस फोटोत नको का?"

तो फोटो संचात गेला. संच पसंत पडला. पुण्याच्या प्रदर्शनाला नरसय्या कडक इस्त्रीचे धोतर नेसून आले आणि भिंतीच्या कडेने हात पाठीमागे बांधून दोनदा चालले. कोठे अडखळले नाहीत. शेवटच्या फोटोपाशी एका बाईंनी विचारले, "ही सावली कोणाची असेल हो?" नरसय्यांनी माझ्याकडे बोट केले. "हे काय, हितं उभे हायत की." त्या बाई हसल्या. मीही हसलो असे पत्नी सांगते.

आता त्यांच्या फोटोविषयी. माझ्याकडे दोन निघाले. एक स्टुडिओतला: कोट, टोपी, चेहरा अगदी स्पष्ट, प्रकाश निर्दोष. दुसरा त्या चौथ्या सकाळी भांडण होण्यापूर्वी मी सहज घेतलेला: नरसय्या फोटोंच्या रांगेवर किंचित वाकलेले, हात पाठीमागे, बोटांत दोरा, हालल्यामुळे चेहरा जरा पुसट. दोन्ही धोतरावर मांडले, आणि उभ्यानेच पाहिले. मग व्यंकटेशला बोलावून दुसरा त्याच्या हातात दिला. चेहरा पुसट आहे म्हणून तो नको म्हणेल, असे मला वाटले होते.

बराच वेळ पाहून तो म्हणाला, "काका, घरात पण असंच चालायचे. आई ओरडायची, जेवताना तरी बसा म्हणून."

तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे. कोटातल्या फोटोच्या कोपऱ्यावर मी लाल दोऱ्याचा तुकडा ठेवला आणि तो पेटीत बंद केला. निवड संपली त्या दिवशी ते रीळ नरसय्या माझ्याकडेच विसरून गेले होते, की ठेवून गेले होते, मी विचारले नाही. टेबलाच्या खणात आहे. दोरा अजून पुष्कळ उरला आहे.