ती साखर चहासाठी होती

इरा आणि नील,

सत्त्याण्णव साली आम्ही सिंदी सोडली तेव्हा फलाटावर आमच्या सामानापेक्षा खाण्याचंच ओझं जास्त होतं. आपल्याकडे कुणी दूर निघालं की ओळखीच्या प्रत्येक घरातून वाटेसाठी काहीतरी येतं. नुसता निरोप द्यायला कुणी येत नाही. शेजारच्यांनी तिळाची चटणी दिली, शाळेतल्या बाईंनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या, समोरच्या दुकानदाराने लाडू. माझी धाकटी जाऊ कमल, म्हणजे तुमची कमलआजी, दशम्यांचा डबा घेऊन आली होती. सगळं तिने एका कापडी पिशवीत भरलं आणि पिशवी माझ्या हातात न देता खांद्यालाच अडकवली.

"बाई, हे जवळच ठेवजा. भाऊजीईची खडीसाखर याच्यातच हाये. तिथं विमानात कोन पुसते, जेवले का म्हून?"

तुमचे आबा हसले. "अवं, तिकिटातच जेवन हाये, कमल. पोरानं सारं सांगतलं." वर्ध्याकडे जाणारी पॅसेंजर आली, आम्ही चढलो, आणि गाडी सुटल्यावरही ती खिडकीशी चालत मला पुन्हा तेच सांगत राहिली, पिशवी जवळ ठेवजा.

हे आज लिहायचं कारण सांगते. गेल्या रविवारी फोनवर तुमच्या बाबाने तुम्हाला पुन्हा तो किस्सा सांगितला, आजीने विमानातली साखर चोरली तो. मागे तुम्ही दोघं हसत होतात. तो किस्सा तो गेली दहा वर्षं पार्ट्यांमध्ये सांगतो आहे आणि दर वेळी त्यात साखरेच्या पुड्या वाढत जातात. मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता तुम्ही मोठे झालात, तेव्हा काय झालं ते क्रमाने सांगते. मी चिडून लिहिते आहे, हे तुम्हाला कळेलच. लपवायचं कारण नाही.

आबांना मधुमेह होता हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची गोळी जेवणाआधी घ्यायची असे; मग जेवण लांबलं तर साखर उतरे, म्हणून खडीसाखर जवळ ठेवायची. आमच्या घरात त्यासाठी घड्याळ कधीच लागलं नाही. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारत, "बाबू, गोळी घे, वाढून राह्यली." आबा कापसाच्या अडतीवरून येऊन हातपाय धूत, ताट मांडलेलं दिसलं की गोळी तोंडात टाकत, आणि पाटावर बसेपर्यंत वरणभात समोर असे. सासूबाई गेल्यावर मी वाढू लागले, माझी शाळा असे तेव्हा कमल. इतक्या वर्षांत ताट मांडलं आणि जेवण आलं नाही, असं एकदाही झालं नाही.

मुंबईत आम्ही भाचीकडे उतरलो. तिथे तुमच्या बाबाचा टोरोंटोहून फोन आला. "आई, खायचं काही आणू नकोस. कस्टमवाले फेकून देतात. आणि विमानात एसटीसारखे डबे उघडून बसू नका, लोक बघतात. मी व्हेजिटेरियन मील सांगितलंय." मी नीटनेटकी बाई. म्हणून एसटीडी बूथवर जाऊन विमान कंपनीला स्वतः फोन केला. पलीकडच्या मुलीने दोघांची नावं वाचून दाखवली आणि कन्फर्म्ड म्हणाली. मग कमलची पिशवी मी भाचीकडे ठेवली. खडीसाखर तिच्यात राहिली.

विमान सकाळचं होतं. घाईत आबांनी पोह्यांचे दोन घास खाल्ले होते. विमान वर गेलं, बऱ्याच वेळाने जेवणाचा वास सुटला. आमच्या रांगेच्या टोकाशी गाडी दिसली, माणसांच्या पुढ्यातली टेबलं उघडू लागली. आबांनीही आपलं टेबल उघडलं. त्यांच्या लेखी ताट मांडलं गेलं होतं. त्यांनी खिशातून गोळी काढली आणि घेतली. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

गाडी आमच्यापाशी आली. हवाईसुंदरीने विचारलं, चिकन की फिश. मी सांगितलं, आमचं शाकाहारी जेवण नोंदवलेलं आहे. तिने कागद पाहिला, आमची नावं नव्हती. मी म्हटलं, मी स्वतः फोन केला होता. ती म्हणाली, जेवण चढवलं गेलेलं नाही, मी काही करू शकत नाही, मांस बाजूला काढून बाकीचं खा. मी म्हटलं, निदान त्यातला पाव द्या. पाव वेगळा देता येत नाही, सगळ्यांचं वाटून झालं की बघते, असं म्हणून ती पुढे गेली. आवाज असा, की बहिऱ्या माणसाशी बोलते आहे. मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली, सारा जन्म पोरांना इंग्रजी शिकवलेली. माझं प्रत्येक वाक्य बिनचूक होतं. त्या बिनचूक वाक्यांवर पाव मिळाला नाही.

"काय म्हने?" आबांनी विचारलं.

"थांबा म्हणते."

"इतके वर्सं पोराईले इंग्रजी शिकवली, एक पोई नाई मिळवता येत तुले," ते चेष्टेने म्हणाले. मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मी गोळी घेतली ना पन."

मी बटण दाबलं. दिवा लागला, कुणी आलं नाही. पुन्हा दाबलं. आबांच्या कपाळावर घाम आला, मग मानेवर. हात थरथरू लागले. मी उठून मागे गेले आणि तिथल्या माणसाला सांगितलं, माझे पती मधुमेही आहेत, त्यांना लगेच काहीतरी गोड हवं आहे. तो म्हणाला, मॅडम, गाड्या रस्त्यात आहेत, जागेवर बसा, ज्यूस पाठवतो. मी बसले. हो, सांगितलं म्हणून बसले. ज्यूस आला नाही. आबांनी मला विचारलं, "शेलू आलं का?" त्यांना वाटत होतं आपण आगगाडीत आहोत. नंतर ते काहीच बोलेनात.

तेव्हा मी उठले. आमच्या पुढे चहाची गाडी उभी होती. तिच्यावरच्या खोक्यातून हाताला आल्या तेवढ्या साखरेच्या पुड्या घेतल्या. ती हवाईसुंदरी म्हणाली, "मॅडम, ती साखर चहासाठी आहे."

नील, तू हे इतक्यांदा ऐकलंस, पण हे वाक्य तुझ्या बाबाच्या किश्श्यात नसतं. ते तू लक्षात ठेव.

मी जागेवर वळले. पुड्या फाडून पदरात साखर ओतली, पाण्याने बोट ओलं करून त्यांच्या गालाच्या आत लावत राहिले. लहान मुलाला चाटण द्यावं तसं. त्यांचा ओठ हलला, मग जीभ हलली. मागच्या रांगेतल्या एका परक्या बाईने आपल्या ट्रेमधला पाव माझ्या हातात दिला. बऱ्याच वेळाने आबांनी डोळे नीट उघडले आणि माझ्या पदराकडे बघून म्हणाले, "हे काय सांडवून ठेवलं तुनं?" तेव्हा कुठे मी पदर झटकला.

ज्यूसही आला, नंतर. बर्फ घालून.

टोरोंटोला उतरल्यावर मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, सुंदर कागदावर. तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद वाटतो. गैरसोय. गाडी उशिरा आली तर गैरसोय. माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. सोबत पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन होतं. तुमच्या बाबाने ते फ्रिजवर लावलं, मी काढून फाडलं, आणि तिथून तो किस्सा सुरू झाला. त्याला हसावंसं वाटलं याचाही मला राग आहे. डबे उघडू नका असं त्यानेच सांगितलं होतं, आणि हसलं की ते आठवत नाही.

त्यानंतरची वर्षं तुम्ही पाहिली आहेत. तुमचं घर चांगलं होतं, उबदार होतं, फ्रिज भरलेला असे. पण प्रत्येकाची वेळ वेगळी. कुणी सहाला मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खायचं, कुणी नऊला. तुमची आई दमून आल्यावरही आबांना प्रेमाने वाढायची, तिला मी कधी नाव ठेवलेलं नाही. तरी मी एक गोष्ट पाहत होते. आबा ताट समोर आल्यावरही थांबत. आधी एक घास खात, तो गिळत, मग गोळी घेत. स्वतःच्या मुलाच्या घरात. डॉक्टरांनी सांगूनही त्यांनी ते बदललं नाही. त्या विमान कंपनीने माझ्याकडून काय घेतलं ते हे आहे. याची भरपाई कुठल्या कूपनात बसते ते मला कुणी सांगितलं नाही.

पुढे विमानात शाकाहारी जेवण कधी मिळालं, कधी पाकळ्या केलेलं टरबूज मिळालं आणि हेच ते जेवण असं ठासून सांगितलं गेलं. अलीकडे तर पाण्याचेही पैसे मागतात म्हणे. मला फरक पडत नाही. मी दर वेळी दशम्या घेऊन चढले आणि डबा मांडीवर उघडला. इरा, तू सात वर्षांची असताना चटणीच्या वासाने तोंड फिरवून बसली होतीस, आणि अटलांटिकवर भूक लागल्यावर अख्खी दशमी खाल्लीस. लोक बघत होते. बघू देत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दोन हजार दोन साली आपण सगळे सिंदीला आलो होतो. तुम्ही अंगणात खेळत होतात. कमलने ओट्याजवळ आबांचं ताट मांडलं, रिकामं, आणि भाकरी तव्यावर टाकली. आबांनी हात धुतले, ताटाकडे पाहिलं, खिशातून गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेऊन टाकली. भाकरी अजून फुगायची होती.

ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांना आपण काय केलं ते कळलंही नसेल. मी मात्र उठून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

आबा गेल्यावर मी टोरोंटो सोडून इथे सिंदीला का परत आले, असं तुम्ही विचारता. थंडी सोसत नव्हती असं मी आजवर सांगत आले. ते खोटं नाही, पण खरं कारण ते ताट आहे. जिथे रिकामं ताट पाहूनही माणूस बेलाशक गोळी घेतो, ते घर.

डिसेंबरात तुम्ही दोघं पहिल्यांदा एकटे येणार आहात. बाबा म्हणेल, विमानात मिळतं सगळं. ऐकून घ्या आणि डबा भरा. इथे पोचलात की कमलआजी तुमच्यासमोर रिकामं ताट ठेवेल आणि तव्याकडे वळेल. तेव्हा काही विचारू नका, बसा.

तुमची आजी