लाल दोऱ्याची गाठ आणि सरकारी गॉझ

ते प्रकरण आठवले की आजही माझा रक्तदाब वाढतो. आरोपींनी मला त्रास दिला तो दिलाच, पण त्याहून अधिक त्रास आमच्याच कार्यपद्धतीने दिला. कायद्याने वागणाऱ्या माणसाचा कायदा राबवणारेच किती अंत पाहू शकतात, हे नोंदवून ठेवावे म्हणून मी हे लिहीत आहे. यात मी कोणाचेही नाव घेणार नाही.

मी तेव्हा सुरतच्या हद्दीवरील एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत असताना पन्नाशीची एक बाई स्टीलचा डबा घेऊन समोर उभी राहिली. ती मूळची खान्देशातली. कामरेजकडच्या एका कापड कारखान्यात ती चेकिंग टेबलावर काम करत होती. ठाणे अंमलदाराने तिला "अर्ज लिहून आणा" असे सांगून दोनदा परत पाठवले होते. तिसऱ्या खेपेला मी मराठी बोलतो हे कोणीतरी तिला सांगितले आणि ती थेट माझ्या खोलीत आली.

तिने डबा उघडला. आत जखमेवर बांधतात त्या गॉझची एक पट्टी होती. तिच्या किनारीला लाल दोऱ्याची बारीक गाठ होती.

"हाई मन्हा हातनी गाठ शे, साहेब."

"तुमच्या हातची? आणि हे कापड कुठले?"

"सरकारी दवाखान्यातलं. माझी सून तिथं बाळंत झाली. शिजर झालं. टाके पिकले. काल पट्टी बदलताना ही खाली पडली, मी उचलली."

मला काही उलगडा होईना, हे तिच्या ध्यानात आले. मग तिने शाळेतल्या मुलाला समजवावे तसे मला समजावले. चेकिंग टेबलावर तागा उलगडत जातो. जिथे डाग, तेल किंवा तुटलेला धागा दिसेल, तिथे किनारीला लाल दोरा बांधायचा. प्रत्येक बाईची गाठ वेगळी असते, कारण दोष चुकीचा दाखवला तर कारखान्याचा मास्तर गाठ पाहून नेमक्या त्याच बाईला बोलावतो. ही बाई डावखुरी. दोन वेढे देऊन शेवटी फास ठेवायची तिची पद्धत होती. गोदामात पाणी शिरून गॉझचा एक मोठा माल भिजला होता, त्यावर बुरशीचे ठिपके आले होते. त्या मालावर तिने आठवडाभर गाठी मारल्या होत्या. तो माल यंत्रे पुसायला जाणार, असे मालकाने सर्वांना सांगितले होते.

"आणि तो गेला दवाखान्यात," मी म्हणालो.

"बायांच्या पोटावर गेला, साहेब," ती म्हणाली.

मी तिची फिर्याद स्वतः लिहून घेतली आणि पट्टी मुद्देमाल म्हणून सील करायला राइटरकडे, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाकडे, दिली. तासाभराने पाकीट माझ्या टेबलावर आले. लाखेचे सील अगदी सुबक बसले होते. एवढे सपाट कसे बसले, म्हणून मला शंका आली.

"यातली गाठ कुठे आहे?"

राइटर वीस वर्षांच्या नोकरीचा, प्रामाणिक माणूस. तो निरागसपणे म्हणाला, "साहेब, दोरो वधारानो हतो. कापी नाख्यो." जादा दोरा होता, म्हणून कापून टाकला! त्या दोऱ्यामुळे कापड घडीत नीट बसत नव्हते, आणि मुद्देमाल नीटनेटका असावा, असे वीस वर्षे आम्हीच त्याच्या मनावर बिंबवले होते. मी काय बोललो ते येथे छापण्याजोगे नाही. दोऱ्याचा तुकडा केराच्या टोपलीत सापडला, पण गाठीतून कात्री फिरली होती. एकमेव पुरावा आम्ही आमच्याच हाताने, नियमाप्रमाणे, नष्ट केला होता.

बाई बाकावर बसून हे सारे ऐकत होती. ती म्हणाली, "एक गेली तर काय झालं? मी काय एकच बांधली होती का?"

तिचे म्हणणे खरे होते. रुग्णालयात विचारल्यावर कळले की उरलेला माल माझ्याच हद्दीतील राज्य सरकारच्या वैद्यकीय भांडारात होता आणि रोज थोडा थोडा रुग्णालयांकडे जात होता. तेथे जायचे तर माल स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांच्या निर्णयाची चौकशी होणार, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे त्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी हवी. मी त्याच दिवशी प्रस्ताव पाठवला. आठवड्याने तो त्रुटी काढून परत आला: फिर्यादीतील मराठी वाक्यांचे गुजराती भाषांतर जोडलेले नाही. भाषांतर जोडले. पुन्हा परत आला: जोडपत्रांना पृष्ठक्रमांक नाहीत. पृष्ठक्रमांक घातले. तिसऱ्यांदा उत्तर आले की प्रस्ताव योग्य मार्गाने सादर करावा. अयोग्य मार्ग कोणता, ते मात्र कोणी लिहिले नव्हते.

दरम्यान बाईचे काम गेले. मुकादमाने घरी येऊन तिला सुनावले, "मावशी, तुमचा पोरगा शेठच्या पाहुण्याच्या लूमवर आहे, एवढं लक्षात ठेवा." हे तिने मला सांगितले तेव्हा मी विचारले, "तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"म्हटलं, सुरतमा लूम कमी शेत का?" सुरतेत माग काय कमी आहेत!

सून मात्र अजून रुग्णालयातच होती. ताप उतरत नव्हता. त्या कापडामुळेच जखम पिकली, असे डॉक्टरांनी ठामपणे कधीच लिहून दिले नाही. ते मीही येथे ठामपणे लिहीत नाही. पण त्याच वॉर्डात रोज नव्या बाया येत होत्या आणि त्यांच्या जखमांवर तेच कापड बांधले जात होते.

मी कायदा पुन्हा वाचला. पूर्वपरवानगीचे संरक्षण लोकसेवकाला आहे, माल पुरवणारा कारखान्याचा मालक काही लोकसेवक नव्हे. त्याच्याविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा नोंदवायला आणि फसवणुकीचा माल जेथे असेल तेथे झडती घ्यायला मला कोणाच्या सहीची गरज नव्हती. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. ते सुचले नाही, याचा दोष माझाच.

झडतीपूर्वी मी भांडार अधिकाऱ्याला साक्षीदार म्हणून बोलावले. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेने, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव.

"माल आपण स्वतः तपासला?"

"अर्थात. तागे उघडून, पूर्ण उलगडून पाहिले. अहवालावर माझी सही आहे."

"किनारीला काही दिसले?"

"किनार एकदम स्वच्छ, पांढरी. साहेब, एवढ्या वर्षांत माझ्या हातून खराब माल गेलेला नाही."

मी तो जबाब शब्दशः लिहून घेतला, त्याला वाचून दाखवला आणि मगच पंचांना घेऊन त्याच्याबरोबर भांडारात गेलो. बाईही सोबत होती. कारखान्याच्या शिलाईतील गठ्ठे होते, एकाचेही टाके उसवलेले नव्हते. शिलाई कापण्यापूर्वीच मी पंचनाम्यात बाईचे कथन नोंदवले: गाठ डाव्या हाताची, दोन वेढ्यांची, फास ठेवलेली असेल, आणि प्रत्येक गाठीच्या रेषेत कापडावर दोष सापडेल.

पहिला तागा उलगडला. लाल गाठ. बाईने फास ओढला, गाठ सुटली आणि तिने बोट किनारीपासून सरळ आत नेले. बुरशीचा करडा ठिपका! दुसरी गाठ, तेलाचा डाग. पाचव्या गाठीनंतर दोन्ही पंच स्वतःच पुढे होऊन शोधू लागले.

मी अधिकाऱ्याकडे वळलो. "पूर्ण उलगडून पाहिले होते ना?"

तो तेथेच एका गठ्ठ्यावर बसला. "मी उघडलेच नाहीत. अहवाल टाइप होऊन आला होता. वरून निरोप होता की आजच सही करून पाठवा."

"वरून म्हणजे कोठून?"

त्याने खात्यातील एका वरिष्ठाचे पद सांगितले. निरोपाची चिठ्ठी त्याने स्वतःच्या बचावासाठी जपून ठेवली होती. सरकारी माणूस वरिष्ठावर विश्वास ठेवत नाही, कागदावर ठेवतो, असा माझा अनुभव आहे. पुरवठादार त्या वरिष्ठाचा सख्खा मेहुणा निघाला.

संध्याकाळपर्यंत सर्व गठ्ठे सील झाले. मी ठाण्यात परतलो तो समाधानाने. बाई दारातच थांबली होती. मला वाटले, आभार मानायला थांबली असेल.

"भाऊ, तुम्ही सगळं कापड धरलं. मग आज वॉर्डात काय बांधतील?"

फिर्याद, जबाब, पंचनामा, सील, सारे मी बिनचूक केले होते. हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. रुग्णालयात जाऊन पाहिले तर नातेवाइकांच्या हाती चिठ्ठ्या देऊन बाहेरच्या दुकानातून गॉझ आणायला सांगितले जात होते. ज्यांना ते जमत नव्हते, त्यांची पट्टी बदललीच जात नव्हती. तेथेच बाकावर बसून मी रुग्णालयाचे अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि खात्याचे सचिव यांना तीन पत्रे लिहिली, आणि पोच मिळेपर्यंत अधीक्षकांच्या दारातून हललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्थानिक खरेदीतून नवा गॉझ आला. पंधरवड्याने सून नात घेऊन घरी गेली.

पुरवठादारावर दोषारोपपत्र दाखल झाले, भांडार अधिकारी साक्षीदार झाला. वरिष्ठाच्या चौकशीची परवानगी मी निवृत्त झालो तेव्हाही आली नव्हती, अजूनही आलेली नाही. त्यांची बदली तेवढी झाली, तीही त्यांच्या सोयीच्या जिल्ह्यात. बाईला दुसऱ्या कारखान्यात काम मिळाले. न्यायालयात उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी तिला हिणवून विचारले, "शिक्षण किती?" ती म्हणाली, "सही येते. पण बघितल्याशिवाय करत नाही."

परवानगीसाठी मी आजही दरमहा स्मरणपत्र पाठवतो. घरचे हसतात, हसोत. इतकी वर्षे गुन्हेगार पकडला की माझे काम संपले, असे मी मानत आलो. त्या वेळी खाटेवर पडलेल्या माणसाचे काय चालले आहे, हे विचारायला एका चेकिंगवालीला माझ्या दारात उभे राहावे लागले. म्हणून हल्ली माझ्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात आरोपीचे पद नसते. पहिले वाक्य एवढेच असते: आज वॉर्डात गॉझ आहे का, ते कृपया लेखी कळवावे.