तिवरांच्या चिखलात अनवाणी

लेकीच्या शाळेची सहल अबुधाबीला, समुद्रकाठच्या तिवरांच्या जंगलात जाणार होती. सोबत दोन पालक हवे होते. बायकोने परस्पर माझं नाव दिलं. मी दुबईत रास अल खोरच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. ऊद मेथाला लेकीच्या शाळेत पालकसभा असली की बायको आत जाते, मी गेटबाहेर थांबतो.

आदल्या दिवशी लेक म्हणाली, "अब्बा, प्लीज, डोन्ट टॉक टू मच."

तिला मैत्रिणींपुढे माझी लाज वाटू नये, एवढंच मला हवं होतं. बसमध्ये छाती धडधडत होती. तशी ती कायमच धडधडते. नोकरी, व्हिसा, गावाकडून अवेळी आलेला फोन, काहीतरी असतंच.

पोचलो तेव्हा ओहोटी होती. मुलांना गमबूट दिले होते. दहा पावलांत सगळी फौज रुतली. पाय वर येई, बूट चिखलातच. वर्गाच्या मॅडम स्वतःच गुडघ्यापर्यंत अडकल्या. "भाईसाब, कुछ कीजिए ना!"

मी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि उतरलो. रत्नागिरीच्या खाडीत आईबरोबर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचो, तोच गार, मऊ चिखल बोटांमधून वर आला. खरं सांगतो, धडधड खलास!

"बूट सोडा! टाच आधी उचला, पाय तिरका काढा. एका जागी थांबायचं नाही. यल्ला, चला!" मी हिंदीत ओरडलो. एकेकाला हात देऊन बाहेर काढलं. मग तिवराच्या पानावरून बोट फिरवून चाटायला लावलं.

"सॉल्टी!"

"झाड खारं पाणी पितं, आणि मीठ पानातून टाकून देतं."

मॅडम म्हणाल्या, "आपने ये सब कहाँ पढ़ा?"

"चिखलात, मॅडम."

सगळे हसले आणि मी चपापलो. फार बोललो होतो. लेकीकडे बघायचा धीर होईना.

ती चिखल तुडवत आली, अनवाणी, बूट काखेत. माझी बाही ओढून म्हणाली, "अब्बा, टेल देम द क्रॅब वन."

खेकड्याने माझा अंगठा धरला होता, ती गोष्ट. घरी सुरू केली की "नॉट अगेन" म्हणणारी ही पोर.

अल्लाचे आभार मानले आणि सांगितली. अख्खी सांगितली, हातवाऱ्यांसकट.