वहिनीची खिडकी, नणंदेचं छत

वीबके रोज सकाळी सात वाजता घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायची. दहा मिनिटं. बाहेर उणे पंचवीस असो नाहीतर उणे तीस. तिच्या आईने उघडल्या, आजीने उघडल्या, तिकडे जर्मनीत समुद्रावरून वारा सुटला तरी उघडल्या. कोंदट घर म्हणजे आजारी घर, एवढं तिला ठाऊक होतं. खिडकी उघडायला माणसाला कारण लागतं, हे तिला चीनच्या या कोळशाच्या गावात आल्यावर कळलं.

खालच्या मजल्यावर यूझेन राहायची. यूझेन म्हणजे तिची सख्खी नणंद. वर खिडकी उघडली की खाली यूझेनचं छत गार पडायचं, आणि मग यूझेन कालथा घेऊन घर ऊबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवर ठणाठणा ठोके घालायची. पहिल्या वर्षी वीबकेला वाटलं, पाइपात हवा अडकली. तिने प्लंबर बोलावला. त्याने पाइप तपासला, खाली जाऊन यूझेनकडे चहा घेतला, आणि परत वर येऊन म्हणाला, "पाइप ठीक आहे. बिघाड खाली आहे, आणि तो माझ्याच्याने दुरुस्त व्हायचा नाही."

वीबकेचा नवरा बाओशान जर्मनीत सव्वीस वर्षं भटारखान्यात राबला. पेन्शन आली ती एवढीशी. तो म्हणाला, आमच्या गावी चल, तिथे घर कोबीच्या भावात मिळतं. खरंच मिळालं. खाणी बंद पडल्या होत्या, तरणी पोरं शहरांकडे गेली होती, जिन्यातल्या निम्म्या दारांना कुलपं होती. पाच वर्षं दोघांनी संसार केला आणि बाओशान एका वसंतात झोपेतच गेला. वीबकेच्या बहिणीने कळवलं, आता परत ये. वीबके महिनाभर जर्मनीला जाऊन आली. तिथे कॉफी प्यायलासुद्धा माणसं आठवडाभर आधी वेळ ठरवायची. इथे भाजीवाली तिच्या पिशवीत हात घालून बघायची आणि म्हणायची, "वेई मावशी, आज पुन्हा पाव? तुझी नणंद सांगत होती तू दातांनी बर्फ फोडतेस, ते खरं का गं?" 'वीबके' कुणाला म्हणता येत नव्हतं, म्हणून तिची वेई झाली होती. इथे तिला कुणी एकटं म्हणून सोडत नव्हतं, आणि चार वर्षांत तिला त्याचीच चटक लागली होती.

अडचण एकच होती. राहायचा परवाना वर्षाचा असायचा. बाओशान होता तेव्हा तो सही करायचा. तो गेल्यावर दर डिसेंबरात घरातल्या कुणीतरी कचेरीत येऊन सांगायचं, ही आमची. आता घरातलं म्हणायला एकटी यूझेन उरली होती. तीन वर्षं ती नाक मुरडत आली. यंदा ती म्हणाली, येत नाही.

जिन्यात आंबवलेल्या कोबीचं मडकं होतं. त्यावरचा दगड नीट बसवत यूझेनने आपला निकाल दिला. "खिडकी बंद, तर सही. खिडकी उघडी, तर जा आपल्या गावी. तिथे बस उघडत."

"वन्सं, दहाच मिनिटं तर असते."

"सकाळभर असते."

"दहा मिनिटं. मी घड्याळ लावते."

"तुझं घड्याळ परदेशी. इथल्या हिशेबाने तेवढ्या वेळात कोंबडी गोठते."

"तुमच्याकडे कोंबडी कुठे आहे?"

"मी आहे ना!"

वीबकेने पाच मिनिटांवर तडजोड मांडली. यूझेन नाही म्हणाली. मग वीबके म्हणाली, दुपारी ऊन असताना उघडते. यूझेन म्हणाली, ऊन आपल्या जागी, छत आपल्या जागी. शेवटी वीबकेने खिडक्या बंदच ठेवल्या. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी घराला कालच्या माशांचा वास आला. तिसऱ्या दिवशी परवाच्या माशांचा. चौथ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातली खिडकी फक्त चार बोटं उघडली. खालून ठणाठणा ठोके आले. चार बोटांची खबर खाली कशी पोचते, ते कोडं तिला सुटलं नाही.

परवाना संपायला दोन दिवस उरले. संध्याकाळी वीबकेने कपाटावरची मोठी बॅग खाली ओढली. फरशीवरून घासत पलंगापर्यंत नेली. आत बाओशानचे दोन एप्रन निघाले, तेलाचे डाग होते तसेच. तिने ते घडी करून पुन्हा आत ठेवले आणि चेन लावून बघितली.

दुसऱ्या दिवशी सात वाजले तरी तिने खिडकी उघडली नाही. दारावर थाप पडली. बाहेर यूझेन उभी, अंगात कापसाचा जाड कोट, कानटोपी, काखेत पिशवी.

"काल वरून काय ओढत होतीस?"

"बॅग."

"कशाला?"

"चेन लागते का बघायला."

"लागते?"

"नाही."

"बरं झालं. चल, कागद घे."

कचेरीत एक तरुण बाई बसली होती. समोर फॉर्म. तिने मान वर न करताच यूझेनला विचारलं, "आजी, तुमचं यांच्याशी नातं काय?"

"माझ्या थोरल्या भावाची बायको."

"भाऊ?"

"वारला. ही उरली."

"या दिलेल्या पत्त्यावरच राहतात, याची तुम्हाला खात्री आहे?"

तेवढंच विचारायला नको होतं. यूझेन सुरू झाली. ही थंड पाणी पिते. काळा, दगडासारखा पाव खाते. रविवारी गादी उलटीपालटी करते, ते धप धप माझ्या डोक्यावर. पहाटे साडेपाचला उठते, पावणेसहाला चहाचं भांडं आपटते, शिंकते ती तीनदा, कधीही दोनदा नाही. भावाच्या वर्षश्राद्धाला मोमोसारखी डंपलिंगं करते, ती उकडताना फुटतात, आणि मग तसलीच मला आणून देते. आणि खिडकी! खिडकीचं तर बोलूच नका म्हणत ती बराच वेळ खिडकीचं बोलली. मागे रांगेतला एक म्हातारा थंडीने काकडला.

बाईने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमची यांच्याविरुद्ध तक्रार आहे का? तसं असेल तर त्याचा फॉर्म वेगळा आहे."

वीबकेने खाली आपल्या बुटांकडे बघितलं.

"तक्रार कसली?" यूझेन उसळली. "तू विचारलंस म्हणून सांगितलं. हिला घालवलंत तर वरचं घर बंद, वरचे पाइप बंद. माझं छत सहा महिने बर्फ होईल, ते कोण निस्तरणार? तू? हिची खिडकी दहाच मिनिटं असते!"

नऊ वर्षांत पहिल्यांदा ती 'दहाच' म्हणाली होती. वीबकेने मान वर केली, पण यूझेन भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्यात गढली होती.

शिक्का बसला. वर्षभराचा. बाई म्हणाली, "पुढचे या."

बाहेर रस्त्यावर बर्फ करकरत होता. दोघी हातात हात घालून चालल्या, कारण घसरून पडलं तर दोघींची हाडं एकदमच मोडावीत, असं यूझेनचं म्हणणं होतं. कोपरा आला.

"उद्यापासून मी सातला कोबी आणायला जाते," यूझेन म्हणाली. "अर्धा तास लागतो मला. तेवढ्यात काय करायचं ते करून घे."

"वन्सं, जिन्यात एवढा कोबी पडलाय."

"मग मुळे आणीन."