आबांचा शिकारीचा कोट

शिंप्याच्या मशीनखाली दिवसभरात किती चिंध्या साठल्या, हे झाडू हातात घेतल्याशिवाय कळत नाही. किस्स्यांचंही तेच आहे. घडतात तेव्हा आपण आपले कात्री चालवत असतो. मग वर्षानुवर्षांनी चार मित्र जमतात, चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "तो कोटाचा किस्सा सांग ना!" आणि एक ओढला की त्याला लागून दुसरा, तिसरा निघतच राहतो.

माझं टेलरिंगचं दुकान धाड या गावी होतं. आमचा मुलूख तेव्हा घरदार न हलवता दोनदा राज्य बदलून नुकताच महाराष्ट्रात आला होता. थंडीनं मात्र राज्य बदललं नव्हतं. पौष लागला की हरभऱ्यावर अशी दाट दवाची आंब, म्हणजे आंबट खार, धरायची, की पहाटे शेतातून गेलेलं धोतर महिन्याभरात विरून जायचं. लायसन्स असलं की शिकारीला मनाई नव्हती, आणि रानडुकरं मारा म्हणून तर शेतकरी हातापाया पडायचे.

आमची मंडळी चौघांची. बंदूक आबांची. गावालगत त्यांची मोठी शेती होती आणि वय साठीला टेकलं होतं. दुसरा दवाखान्यातला मनोहर कंपाउंडर, ज्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. तिसरे रोहिणखेडचे नूरभाई. बाजाराच्या दिवशी ते आमच्या गावात गरम कपड्यांचं गाठोडं सोडायचे आणि संध्याकाळी शिकारीच्या गप्पांना थांबायचे. चौथा मी. माझा नेम कधी लागला नाही, पण थर्मास माझ्याकडे होता.

एका हिवाळ्यात आबा मचाणावरून उतरले ते न्यूमोनिया घेऊनच. वीस दिवस अंथरुणावर होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पुन्हा छातीत थंडी भरली तर काही खरं नाही. आबा उठून बसायला लागले त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, आमच्या यमुनाकाकूंनी, सगळी काडतुसं कोठीत गव्हाच्या तळाशी पुरून टाकली.

पुढचा हिवाळा आला तसे आबा घरातल्या घरात झुरायला लागले. एकदा दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "डुक्कर गेलं खड्ड्यात. मले पहाट पाह्यजे. वर बसलं का खालचं सारं रान धुक्यात बुडून जाते, आन मंग एक एक झाड वर येते. थे पाह्यल्याबिगर हिवाळा गेल्यासारखा वाटतच नाई, गड्या."

हे ऐकून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी मनोहरला घेऊन काकूंकडे गेलो. काकू चुलीसमोर भाकरी थापत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "ज्यातून थंडी आत जात नाई असं कापड आना. मी पाहून हो म्हनीन तवाच जातीन थे. नाई तं नाई!"

आणि आम्ही चौघं लोकरीच्या मागे लागलो.

* * *

मनोहरनं कुठंतरी वाचलं होतं, की खऱ्या लोकरीचा धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हे खरंच आहे. पण मनोहरच्या हाती काडेपेटी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!

बाजारात नूरभाईंच्या गाठोड्यात एक कोट त्याला आवडला. त्यानं कॉलरचा धागा ओढून जाळला. खरी लोकर! पण म्हणाला, कॉलर खरी असते, बाही खोटी असते. बाहीचा जाळला. तीही खरी. मग दुसरी बाही, मग घेर, मग खिशाचा काठ, मग पाठ. नूरभाई सभ्य माणूस, बराच वेळ बघत राहिले. शेवटी हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाब, पहिले विकत तं घ्या, मंग आरामात पेटवा!"

मनोहरला तो घ्यावाच लागला. आबांच्या अंगावर चढवून उजेडात उभं केलं, तर धागे ओढलेल्या पाठीतून आतला सदरा दिसत होता. मनोहर शांतपणे म्हणाला, "पन लोकर एकदम अस्सल हाये." तो कोट पुढं मी दुकानात सुया टोचून ठेवायला वापरला.

* * *

मग आबांना आठवलं, की सासऱ्यांचा जुना गरम कोट पेटीत आहे. कोट काढला, तर काय कापड होतं! मुठीत दाबून सोडलं की पुन्हा फुलून यायचं, पाण्याचा थेंब टाकला तर वरच्या वर मोत्यासारखा बसायचा. पण कसर लागू नये म्हणून काकूंनी वर्षानुवर्षं त्यात डांबराच्या गोळ्या घातलेल्या. पेटी उघडली तेव्हा ओसरीवरचं मांजर उठून शेजारी राहायला गेलं.

आबांना परवानगी नव्हती, म्हणून ट्रायल मी घेतली. पहाटे मचाणावर बसलो. ऊब अशी, की आईच्या कुशीत असल्यासारखं वाटलं. खाली धुकं, वर शुक्राची चांदणी, दूर कुठंतरी मोट सुरू झालेली. मी कोटाची परीक्षा घ्यायला आलोय हेच विसरून गेलो. तेवढ्यात बांधावर डुकरांचा कळप आला. पुढच्या डुकरानं नाक वर केलं, एकदा जोरात फुरफुरलं, आणि अख्खा कळप उलट्या पावली पसार!

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर त्या शिवारात डुक्कर फिरकलं नाही. शेवटी शेजारचा शेतकरी दुकानात आला आणि म्हणाला, "भाऊ, शिकार राहू द्या. थो कोट दोन महिने आमच्या वावरात टांगता का?"

तसाही त्या वासानं आबांना ठसका लागायचा, म्हणून टांगला. त्याचा हरभरा त्या वर्षी जोरात आला.

* * *

घोंगडीची कल्पना नूरभाईंची. म्हणाले, "साहेब लोकं काऊन कोट कोट करून राह्यले? धनगराची घोंगडी घ्या. पानी आत येत नाई, वारा आत येत नाई, आन अंगावर असली का झाडाचं खोड वाटते मानूस." बोलणं बरोबर होतं. फक्त ती टोचते. पहिल्या दिवशी माणूस शिकार कमी करतो आणि खाजवतो जास्त.

ट्रायलला मनोहर बसला. टेकडीच्या उताराला, काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन. उजाडताना धुकं इतकं दाट आलं, की त्याला स्वतःचे पाय दिसेनात. त्यातून घंटांचा आवाज आला. मग एक मेंढी आली, त्याला हुंगून शेजारी बसली. दुसरी आली. तिसरीनं मांडीवर मान टाकली. मनोहर सांगायचा, "उठावंसंच नाही वाटलं रे. बायकोशपथ सांगतो, असं कोणी मला आपलं मानलंच नव्हतं."

बऱ्याच वेळानं धनगर आला. त्याचं कुत्रं मनोहरच्या मागे उभं राहून त्याला हळूहळू कळपाकडे ढकलत होतं, आणि मनोहर चाललाही होता! धनगरानं वाकून घोंगडीच्या आत पाहिलं आणि कुत्र्याला म्हणाला, "सोड बे त्याले. हे आपलं नाई."

मनोहरला ते फार लागलं. पुढचे चार दिवस तो नीट जेवला नाही.

* * *

शेवटी नूरभाईंनीच कापड आणलं. लष्कराच्या मोडीतलं जाड ब्लँकेट, सुकलेल्या पळसाच्या पानाच्या रंगाचं. मी हातात घेतलं आणि कळलं, हेच ते. उजेडासमोर धरलं तर उजेड आत येईना. दोन पदर एकमेकांवर घासले तर आवाज नाही. शिकारीत हे महत्त्वाचं असतं. चिखलीहून एकानं नायलॉनचं जाकीट आणलं होतं, तो नुसता श्वास घ्यायचा तरी ससे पळायचे!

असा कोट मी आयुष्यात पुन्हा शिवला नाही. छातीवर दुहेरी पदर घेतला, कारण थंडी तिथंच भरते. पितळी बटणं चमकतात म्हणून कापड मढवलेली बटणं लावली. कॉलर कानावर येईल एवढी ठेवली. खांदे शिवताना मी मशीन बंद करून हातानं टाके घातले. मनात एकच होतं, या माणसाला एक तरी पहाट मिळू दे.

कोट घालून आबा जे खूश झाले ते काढायलाच तयार होईनात. भर दुपारी ओसरीवर कोट घालून बसले. घामानं निथळत होते, चेहरा लालबुंद झालेला, आणि काकू दिसल्या की ओरडायचे, "यमुने, थंडी बिलकुल लागून नाई राह्यली!"

काकू म्हणाल्या, "दुपारी बारा वाजता कोनाले लागते हो?"

* * *

आता शेवटचा.

काकू कोटावर लोटाभर पाणी ओतून बघत होत्या, उलटापालटा करून, हुंगून. नाक मुरडायला काही सापडेना. तेव्हा म्हणाल्या, "घरात काय समजते? मी सोता वर बसून पाह्यते. नाई लागली थंडी, तं काडतुसं काढून देते."

आबा म्हणाले, "तू? मचानावर?"

"काऊन? लहानपनी बापाच्या वावरात माळ्यावर बसून पाखरं मीच हाकलत होते. तुमी नोका शिकवू!"

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी लुगड्यावरून तो कोट चढवला, कॉलर कानापर्यंत ओढली आणि निघाल्या. मी आणि मनोहर सोबत. काकू सरसर मचाणावर चढल्या आणि आम्ही दूर बांधाआड बसलो. बंदूक कुणाकडेच नव्हती. थंडी मात्र त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक होती. माझा थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत गार व्हायचा.

उजाडायला लागलं. धुक्यातून आधी आंब्याचा शेंडा वर आला, मग बाभळी, मग मचाण. काकू गुडघ्याला मिठी मारून बसल्या होत्या. त्यांच्या अगदी खालून एक मादी डुक्कर गेली, मागं सात-आठ पिलं ओळीनं. काकूंच्याच हरभऱ्यात शिरली. एरवी शेतात चिमणी उतरली तरी गोफण फिरवणाऱ्या काकूंच्या तोंडून हूं की चूं नाही! मनोहरनं मला चिमटा काढला. मला वाटलं, गारठ्यानं वाचा गेली बाईची.

सूर्य चांगला कासराभर वर आला तरी त्या उतरेनात. शेवटी हाका मारून उतरवावं लागलं.

गावकुसाशी आबा दोन शाली गुंडाळून उभे होते. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक. काकू दिसताच पुढं आले. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"काय? लागते का थंडी?"

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघून म्हणाल्या, "लागते. लय लागते. हाडात शिरते नुसती. तुमचं काम नाई थे."

आबांचे खांदे असे पडले, की मला बघवेना. त्यांनी मान हलवली आणि घराकडे वळले. आणि मी? माझा तर भर रस्त्यात अपमान झाला! दुहेरी पदर, हाताचे टाके, आणि हाडात थंडी? मी तावातावानं काकूंना विचारायला गेलो, तर काकू पदरानं कपाळावरचा घाम पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि मनोहर नेहमीसारखे गावाबाहेरच्या चिंचेखाली भेटलो. काडतुसं कोठीतच होती, त्यामुळे शिकारीचा प्रश्नच नव्हता. आबांचं कसं होणार, एवढंच बोलत होतो. तेवढ्यात धुक्यातून तो कोट येताना दिसला. कॉलर कानापर्यंत, मान आत ओढलेली, झपझप पावलं.

म्हातारा घरातून पळून आला! मी पुढं धावलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "आबा, काय हे? काकूले समजलं तं?"

कोट थांबला. आतून काकूंचा आवाज आला, "चला मुकाट्यानं. आन आबाले सांगू नोका."