शारजाहून आलेलं उर्दू पत्र

पंचवटीत रामकुंडावर भागीबाई द्रोणातली फुलं आणि वाती विकायची. सगळ्या देशातून माणसं तिथे अस्थी घेऊन येत. तिचा नवरा यादव फरशी बसवण्यात तरबेज. १९९७ साली तो शारजाला गेला. वाळूत एकेक इमारत उठत होती आणि कामाचे हात जगभरातून येत होते.

दर शुक्रवारी तो भागीबाईला घाटाजवळच्या मोहिनीच्या टेलिफोन बूथवर फोन करायचा. खोलीत आठ जण, देश पाच. मल्याळी भात रांधायचा, बंगाली मासे, सिंहली नुसता घोरायचा. यादवची खाट गुलजमान नावाच्या पठाणाशेजारी होती.

“पठाणाशी जपून ऱ्हावा,” भागीबाई म्हणायची.

“अगं, त्याला काय भ्यायचं? झुरळ दिसलं की माझ्या खाटेवर चढतो. आपली मिरचीची चटणी खाल्ली, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाय.”

२००१च्या जानेवारीत यादवने कंपनी बदलली. खोली नवी, पण गुलजमान सोबतच. मार्चमध्ये तीन शुक्रवार फोन आला नाही. चौथ्या आठवड्यात पत्र आलं. पाकिटावर इंग्रजीत फक्त नाशिकचा पत्ता, आत सगळं उर्दू. भागीबाई आणि तिची सासू चतुराबाई पूल ओलांडून जुन्या नाशकात सादिक टेलरकडे गेल्या. त्याने मशीन थांबवलं, पत्र मनाशी वाचलं आणि चष्मा काढला.

“भाभी, गुलजमानने लिहिलंय. यादवभाऊ झोपेतच गेले. खोलीतल्यांनी मिळून अग्नी दिला.”

भागीबाई मटकन खाली बसली. चतुराबाईने मात्र सादिकच्या हातून पत्र ओढून घेतलं. मरणाचं पत्र वाचलं की फाडायचं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, एवढंच तिला त्या घटकेला सुचलं. पुलावर येताच तिने त्याचे तुकडे केले आणि गोदावरीत सोडले.

दहाव्याला सादिक घाटावर आला.

“अस्थींचं काय ठरवलंत?”

“कसल्या अस्थी?” भागीबाई म्हणाली.

“पत्रात खाली लिहिलं होतं. गुलजमानने त्या आपल्या पेटीत जपून ठेवल्यात. पत्ता दिलाय, कळवा म्हणतो, नाशिकचं कुणी भेटलं की पाठवतो. त्या दिवशी तुमची अवस्था बघून बोललो नाही. पत्र आहे ना?”

चतुराबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग म्हणाली, “पत्ता ध्यानात हाय का रं तुझ्या?”

“नाही, आजी.”

नव्या कंपनीचं नाव यादवने कधी सांगितलं नव्हतं, म्हणून भागीबाईने जुन्या कंपनीला पत्रं लिहवून घेतली. उत्तर आलं नाही. आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला ती गुलजमानचं नाव सांगायची. “मावशी, तिथं गुलजमान शेकड्याने असतील,” एक जण म्हणाला. परदेशातून आलेली मंडळी कुंडावर दिसली की ती टोपली सोडून उठायची आणि विचारायची, शारजाचं कुणी आहे का.

सासूला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. चतुराबाईला तेच सोसेना.

“एकदा शिव्या घाल मला.”

“घालून काय येणार हाय, आत्या? भाकर खाऊन घ्या.”

२००६ साली चतुराबाई गेली. जाण्याआधी म्हणाली, “माझ्या अस्थी लगेच सोडू नको. त्याच्या आल्या की संगती सोड.” भागीबाईने मडकं पडवीबाहेर खुंटीला टांगलं. वर्ष उलटलं. “म्हातारीला किती दिवस अडकवून ठेवणार?” भटजी रागावले.

सर्वपित्रीला तिने मडकं उतरवलं, एकटीच कुंडात उतरली आणि सोडलं. शेजारी दुबईहून आलेलं एक कुटुंब अस्थी सोडत होतं. भागीबाईने त्यांना काही विचारलं नाही.