मावळतीकडची विहीर

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. देऊळगाव राजाच्या एका शाळेत मी भूगोल शिकवतो. वर्गाच्या दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या पोरांना त्याच लिंबाचं सरबत करायला लावणारा मास्तर मीच! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण पुरतं येत नाही.

मला जुन्या सर्व्हे नकाशांचा नाद आहे. इंग्रजांच्या काळातले, एक इंच म्हणजे एक मैल. त्यांवर पायवाटा तुटक रेषांनी काढलेल्या असतात, एकटं उभं झाडसुद्धा असतं आणि विहिरीसाठी बारका निळा गोल. हे नकाशे मी मोबाईलमध्ये घालतो आणि रविवारी मोटारसायकल काढून आता नसलेली गावं शोधत फिरतो. कागदोपत्री अशा गावांना 'बेचिराख' म्हणतात. माझी बायको सुनीता म्हणते, "असलेल्या गावात किराणा आणायले जात नाही, नसलेल्या गावात मात्र बरे हुंदडता!"

त्यातलंच एक गाव माझ्या आईचं. दुसरबीडपासून बरंच आत. नकाशावर त्याच्याजवळ दोन निळे गोल आहेत. एक गावात, दुसरा गावाबाहेर, आमच्या वस्तीचा. वेगळी विहीर का, ते वाचकांना सांगायला नको. नकाशा काढणाऱ्या साहेबाला कारण ठाऊक असो-नसो, त्याने इमानदारीत दोन्ही काढल्या.

आई आता ऐंशीच्या पुढची, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. ती चार वर्षांची असताना गावात पटकीची साथ आली. तिच्या आईने तिला एका पहाटे मामाबरोबर धाडून दिलं आणि स्वतः घरातल्या आजारी माणसांपाशी मागे राहिली. पुढे गावच उठलं. आजीचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. मेली म्हणावं तर कोणी पाहिलं नाही, आणि मामाच्या गावातल्या बायका म्हणायच्या, पळून गेली. आईने तेच मनात धरलं. "जाताना तोंडावरून हात तं फिरवला असता... मले टाकून देलं तिनं." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

गाव नकाशावर सापडलं म्हटल्यावर ती आधी चिडली. "काऊन जातं तिथी? कोण बसलं हाये आपलं?" मी निघालो तेव्हा मात्र हळूच म्हणाली, "पोहोचला की फोन लाव."

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे अकरा, लख्ख ऊन. मोबाईलमध्ये माझा ठिपका बरोबर गावाच्या मधोमध आला तेव्हा मी उभा होतो हरभऱ्याच्या रानात. वीट नाही, दगड नाही. आईला फोन लावला. "आई, इथं काहीच नाही."

"मावळतीले चाल," ती म्हणाली. "बांध लागंन, तो वलांड. मंग जरासा वरतं."

चार वर्षांची होती ही तेव्हा! पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला, म्हणून चाललो. दीड-दोनशे पावलांवर बांध लागला. पलीकडे पडीक रान, कंबरभर वाळलेलं गवत आणि त्यात... जोत्याचे दगड, एका ओळीत. मी हरखूनच गेलो. "सापडलं, आई!"

ती एकदम म्हणाली, "तिले फोन दे."

"कोणाले?"

"तुह्यापाशी उभी हाये तिले. दे ना बे!"

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. वय झालंय, बोलू दे, म्हणून मी हात लांब करून फोन हवेत धरला. वेड्यासारखा. फोनमधून आईचा बारीक आवाज येत होता. ती मध्येच थांबायची, हुंकार द्यायची. एकदा रडली. दुसरा कसलाही आवाज मला ऐकू आला नाही. पण इतका वेळ लांब धरूनही माझा हात भरून आला नाही. फोनचं वजनच लागत नव्हतं.

पाय अवघडले म्हणून मी एक पाऊल मागे टाकणार, तोच आई ओरडली, "मांगं सरू नको! थांब म्हणते ती तुले!"

वळून पाहिलं. टाचेपासून वीतभर अंतरावर गवताने झाकलेली विहीर. कठडा नाही, काही नाही. खोल खाली काळं पाणी. माझ्या मोबाईलप्रमाणे तिथे विहीर नव्हतीच.

घरी आलो तर सुनीता दारातच उभी. आईला फोन कानाला धरवत नाही, म्हणून तिने स्पीकर चालू ठेवला होता.

"ती बाई कोण होती हो?" तिने विचारलं.

"कोणती बाई?"

"आईसंग बोलत होती ती. आईनं विचारलं, 'हात काऊन नाही फिरवला?' तं ती म्हणे, 'तू निजेल होती माय. हात लावला असता तं जागी झाली असती, अन् मंग मले सोडून गेलीच नसती.'"



संध्याकाळी नकाशा उघडला. जुन्या नकाशांची मोजणी वेगळ्या पायावर झालेली असते. मोबाईलवर बसवताना ते थोडे सरकवावे लागतात. नवशिका विसरतो, तसा मी विसरलो होतो. दुरुस्ती दिली, आणि सगळं गाव मावळतीला सरकलं, जरासं वर. गावाबाहेरचा तो दुसरा निळा गोल येऊन बसला मी उभा होतो तिथेच.

एवढं कोडं सुटलं. बाकीचं नाही. सुनीताला मी क्रॉस-कनेक्शन वगैरे समजावून पाहिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या क्रॉस-कनेक्शनवालीले तुमची टाच कशी दिसली?"

'टाकून देलं' हे शब्द मात्र आईच्या तोंडून त्या दिवसानंतर आले नाहीत.

त्या संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं, चाचपडत माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुही आजी होती ती. पाया तरी पडला का तिच्या?"

मी नव्हतो पडलो.